बिळात लाकूड

कारवंडीच्या घाटमाथ्यावर एका जुन्या बंगल्याच्या दाराची चौकट अजून उभी आहे. भिंती पडल्या, छप्पर गेले. काळ्या दगडाची ती चौकट तेवढी राहिली. तिच्या एका बाजूस अडसर सरकवण्याची खोल खोबण आहे. वाडीतली माणसे या चौकटीला वळसा घालून जातात. तिच्यातून कोणी जात नाही.

वाडीतले वृद्ध धनगर धोंडीबा आखाडे, म्हणजे सर्वांचे आबा, यांनी तिची हकिकत आम्हाला सांगितली. तिला लेखी आधार सापडत नाही. ऐकली तशी येथे देत आहोत.

घाटरस्त्याच्या कामावर एलरबी नावाचा इंग्रज साहेब होता, असे सांगतात. बंगल्यात त्याची पत्नी हॅना, मुलगी नेली आणि स्वयंपाकाला वाडीतली अनसाबाई. नेली अनसाबाईच्या कडेवर वाढलेली, म्हणून घरात मराठीच अधिक चाले. हॅनाबाईंच्या माहेरी, उत्तर इंग्लंडात, 'दार लाव' असे म्हणत नसत. 'बिळात लाकूड घाल' म्हणत. बाईंनी ते शब्दशः मराठीत आणले होते. नेली आत शिरून दार तसेच उघडे टाकी, आई ओरडे, "बिळात लाकूड घाल!" आणि पोरगी मुद्दाम विचारी, "कुठल्या बिळात? उंदराच्या का घुशीच्या?"

"बाईसाब, तुमच्या माहेरी घरं बांधत्यात का वारुळं?" अनसाबाई म्हणे.

धुके उतरले की माथ्यावर काहीतरी फिरते, ही वाडीची जुनी धास्ती. ते दिसत नाही. धुक्यात जे कानावर पडेल ते उचलते, आणि ज्याचे बोलणे त्याच्याच आवाजात दाराशी येऊन हाक मारते. दार उघडणारा पुन्हा कोणाला दिसत नाही. म्हणून धुके दिसताच अनसाबाई बंगल्याची दारे-खिडक्या बंद करून घेई. हॅनाबाई तिला हसत.

आश्विनातल्या एका संध्याकाळी साहेब घाटाखाली होता. नेली हरवलेले करडू शोधायला गेली आणि मागोमाग धुके आले. अंगणातले झाडही दिसेना. हॅनाबाई कंदील घेऊन निघणार, तोच अनसाबाईने अडसर घातला. आणि बाहेरून हाक आली.

"आई, दार उघड. थंडी वाजतेय."

आवाज नेलीचा होता. त्यातला हुंदकाही तिचाच. बाईंनी अडसराला हात घातला. अनसाबाईने तो वरून दाबून धरला.

"सोड! माझी लेक आहे बाहेर!"

"लेक असंल तर घडीभर आणखी गारठंल, बाईसाब. नसंल तर? आधी इचारा. आत आल्यावर काय करशील, म्हणावं."

बाईंनी विचारले.

"दार लावीन, आई," नेलीचा आवाज शहाण्यासारखा म्हणाला.

बाईंनी अडसरावरचा हात काढून घेतला. त्यांच्या लेकीने असे उत्तर जन्मात दिले नव्हते. मग दाराच्या अगदी फटीशी अनसाबाईचा आवाज आला, "उघडा की बाईसाब, पोर गारठलीया." अनसाबाई तर त्यांच्या शेजारी, पदर तोंडात कोंबून उभी होती.

त्यानंतर किती वेळ गेला, हे कोणी सांगत नाही. पुन्हा दार वाजले. पुन्हा नेलीचा आवाज, पुन्हा तीच विनवणी. बाईंनी तोच प्रश्न विचारला. उत्तर रडत रडत आले.

"बिळात लाकूड घालीन. पण कुठल्या? उंदराच्या का घुशीच्या?"

अनसाबाईनेच अडसर ओढला. नेली होती, नखशिखान्त ओली, करडू उराशी धरलेली. बाईंनी तिला आत ओढले आणि दोघींनी दार पुन्हा घट्ट लावले. पोर आईच्या मांडीवर बसली, तिच्या अंगावर घोंगडी पडली, आणि मग बाहेरून, हळू, शब्द घोळवत, नेलीचा आवाज म्हणाला, "कुठल्या बिळात? उंदराच्या का घुशीच्या?" आणि तिच्यासारखाच खुदकन हसला.

उजाडताच ते कुटुंब घाट उतरले. बंगल्यात पुन्हा दिवा लागला नाही.

तेव्हापासून कारवंडीत प्रत्येक घराचे स्वतःचे एक खुणेचे बोलणे ठरू लागले, असे सांगतात. आजही नवी सून आली की सासू तिला चुलीपाशी नेऊन, दार लावून, ते कानात सांगते. धुक्यात कोणाला ते दाराबाहेरून उच्चारावे लागले, तर त्याच दिवशी ते टाकून नवे ठरवतात.

आखाड्यांच्या घरचे बोलणे कोणते, असे आम्ही आबांना विचारले. ते हसले नाहीत.

"मागल्या आठवड्यातच बदलाया लागलं," ते म्हणाले.

मग साहेबाच्या घरचे बोलणे आम्हाला एवढ्या मोकळेपणाने कसे सांगितले, असे विचारल्यावर त्यांनी दाराकडे पाहिले.

"ते लपवून काय उपेग? ते त्याला येतंय."