बाबांच्या सदऱ्याची कोरी जागा

जुन्या शहरातल्या तांबट आळीत, अगदी शेवटच्या खोलीत शेवंता आणि तिची आई राहायच्या. शेवंताचे बाबा देवळांच्या भिंती रंगवायचे. दसऱ्याला ते दूरगावी कामाला गेले ते गेलेच. होळी आली तरी ना निरोप, ना पत्ता! आई म्हणायची, "येतील गं," पण तिचेच डोळे भरून यायचे.

शेवंतालाही चित्रांचं भारी वेड. रंग विकत कुठले मिळायला! ती गेरू, हळद आणि नीळ डिंकाच्या पाण्यात कालवायची. एकदा डिंक आणायला बागेत गेली, तर बाभळीच्या सोनेरी डिंकात चिकटली होती बोटाएवढी परी! चिमुकले पंख मोरपिशी, इवलासा झगा गुलबक्षी.

"अगंबाई! थांबा हं," म्हणत शेवंताने लोटीतलं प्यायचं पाणी हळूहळू ओतून पंख सोडवले.

"गुणाची गं पोर!" परी म्हणाली. "हा घे कुंचला. यात जादूचे तीन थेंब आहेत. तुझ्या आळीच्या चित्रात त्यांनी जे रंगवशील, ते खरं होईल. पण चौथा थेंब मागायचा नाही, आणि कागदावर उमटलेलं काही पुसायचं नाही."

शेवंता पायरीवर चित्र काढायला बसली. बाबांनी शिकवलं होतं, "पांढरं रंगवायचं नसतं, शेवू. तिथे कागद कोरा राखायचा. आणि चेहरा शेवटी." म्हणून तिने चित्रात खोलीच्या दाराशी बाबांच्या सदऱ्यापुरती जागा कोरी राखली आणि आपल्या जुन्या कुंचल्याने लाल कौलं, पिवळ्या भिंती रंगवल्या.

तेवढ्यात टांगेवाले हुसेनचाचा आले. "बेटी, आमचा राजा लंगडतोय बघ." पहिल्या थेंबाने शेवंताने दौडणारा घोडा काढला, आणि राजा टपटप नाचू लागला! बायका विहिरीवरून रिकाम्या घागरी घेऊन परतताना दिसल्या. दुसऱ्या थेंबाने विहीर निळ्याशार पाण्याने भरली.

"आता बाबा!" तिने कुंचला उचलला, तोच शेजारच्या सखूमावशी धावत आल्या. "तापाने माझी तान्ही डोळेच उघडेना गं!"

शेवंताला तो थेंब मुळीच द्यायचा नव्हता. पण हात आपोआप चित्रातल्या सखूमावशींच्या खिडकीकडे वळला आणि तिथे गुलाबी गालांचं बाळ उमटलं. आतून खणखणीत "ट्यांहा!" ऐकू आलं.

कुंचला कोरडा पडला. शेवंता हमसून रडली. तिचं टपोरं आसू चित्रातल्या ओल्या कौलांवर पडलं आणि गेरूचा ओघळ कोऱ्या सदऱ्याच्या वर गोल होऊन थांबला. पुसावं, तर नियम आडवा!

"चुकून चौथा थेंब पडला," ती घाबरून म्हणाली.

समोर परी हसत होती. "तो तुझा थेंब, वेडाबाई. माझ्या मोजणीत नाही. बघ, चेहरा झालाय!"

परी लखलख उजळली, तिचा प्रकाश चित्रभर सांडला आणि ती दिसेनाशी झाली.

"शेवू, कागद कोरा राखायला विसरली नाहीस ना?"

आळीतून काठी टेकत बाबा येत होते! तोच गव्हाळ चेहरा, तोच पांढराशुभ्र सदरा. "पाय मोडला होता गं," ते म्हणाले.

"एक चिठ्ठी तरी धाडायची होती!" आई रडत रडत रागावली आणि हात धरून त्यांना घेऊन आली. बाबा दाराशी बसले, अगदी चित्रातल्या जागी.