बेचव भाजीची पंगत

आडगावच्या देशमुख आबासाहेबांना भाजीवर बोटभर तेलाची तर्री लागे. रोज पोट धरून कण्हायचं, वैद्याला शिव्या घालायच्या आणि पुन्हा तर्रीच ओरपायची! नव्या सूनबाईला, वेणूला, हे बघवेना. तिने तेल चमच्यावर आणलं. झाकणावर पाणी ठेवून वांगी वाफेवर शिजवली, वर भाजलेल्या तिळाचं कूट घातलं आणि लिंबू पिळलं.

आबासाहेब कडाडले, "चव तर्रीत असते, पोरी! उद्या मामलेदार जेवायला येणार. पंगतीत माझं नाक कापलं गेलं, तर कोठीच्या किल्ल्या परत द्यायच्या आणि चुलीकडे फिरकायचं नाही."

वय वाढलं म्हणून जीभ शहाणी होते का, असं वेणूच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "तुमच्या म्हणण्याप्रमाणेच वाढीन, मामंजी."

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी पंगतीत भाकरी बुडवली, तर वाटीत नुसती लाल तर्री. वांग्याचा तुकडाही नाही!

"हे काय?"

"चव तर्रीत असते ना, मामंजी? म्हणून सगळी चव एकट्या तुम्हाला वाढली. पाहुण्यांना उरलेली बेचव भाजी."

तेवढ्यात मामलेदारांनी ताट पुढे केलं. "सूनबाई, ती बेचव भाजी आणखी वाढा बरं!"

सगळी पंगत खदखदून हसली. आबासाहेबांनी वाटी हळूच बाजूला सारली.

"किल्ल्या राहू देत तुझ्याकडेच," ते पुटपुटले, "आणि थोडं बेचव इकडेही वाढ."