सुनीचा कातळ

उठा पाव्हणं, तिथं नका बसू. मागं सरका, इकडं या सावलीला. त्याला आम्ही सुनीचा कातळ म्हणतो. तिथं एकट्यानं बसायचं नाही अशी इथली रीत आहे. सुनी म्हणजे तुमच्याकडं सुन्न म्हणतात, शिकलेली माणसं शून्यमनस्क म्हणतात, तेच हे. पण आमचा शब्द इथंच जन्माला आला, आणि फार वाईट वेळी आला.

आमचा गाव दोरखंड वळणाऱ्यांचा. पावसाळा सरला की सगळे खाली नदीच्या डोहात ताग भिजवायला उतरायचे. घाटावर अवचित पाऊस झाला, तर इथं ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येतो. म्हणून या कातळावर एक माणूस बसायचा. वरच्या वळणाला पाणी दिसलं की त्यानं हाक द्यायची. हा हाकेचा मान केरबाच्या घराकडं होता. त्याची धाकटी सून ठकू, तिचा आवाज पार पलीकडच्या डोंगरापर्यंत जायचा म्हणे.

त्या साली ठकूची मुलगी गेली. पाच महिन्यांची होती, दातही आले नव्हते. दात न आलेल्या लेकराचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी सकाळी केरबा म्हणाला, "चल पोरी, कातळावर जा."

ठकू म्हणाली, "मामंजी, मला नका पाठवू. मी सुनी आहे."

"सुनी म्हणजे गं काय? ताप आहे का अंगात?"

"ताप नाही. आत काहीच नाही."

केरबानं कपाळाला हात लावून बघितलं, अंग गार होतं. सुतक फिटलेलं, ताप नाही, मग अडचण कसली? "डोळे आहेत, घसा आहे, तेवढं पुरे," असं तो म्हणाला असं सांगतात. मी त्याच्याच थोरल्या मुलाच्या वंशातला, तरी सांगतो, मला त्या म्हाताऱ्याचा राग येतो. बाईमाणूस तोंडानं सांगतंय, आणि हा कपाळ चाचपतोय!

गेली बिचारी. दुपारी वळणाला पाणी आलं. ठकू त्याच्याकडंच बघत होती. तिच्या डोळ्यांदेखत लोंढा खाली गेला. डोहात अकरा माणसं होती. तिचा नवरा नागू त्यांत होता. एकही वर आला नाही.

बाया रडत, ओरडत वर धावल्या. "दिसलं नाही का गं तुला?"

"दिसलं," ठकू म्हणाली.

"मग हाक का नाही मारलीस, मेले?"

"दिसलं, पण ते पाणी आहे हे मनात आलंच नाही. मन नव्हतंच हो तिथं."

तिला कुणी मारलं नाही. केरबा तिच्या पायांवर पडला म्हणतात, तर तिनं पायही मागं घेतले नाहीत. त्यानंतर ती रोज इथं यायची आणि कोरड्या पात्राकडं बघून हाक द्यायची, "अहो, वर या हो!" घसा फुटेपर्यंत. मग एक दिवस आवाजच गेला, आणि पुढं पुष्कळ वर्षं ती नुसती जगली. देवानं तिला एवढं जगवायला तरी नको होतं.

आजही आमच्या गावात कुणी नुसतं "मी सुनी आहे" म्हणालं, की दुसरा उठतो, त्याच्या हातातलं काम काढून घेतो, आणि का म्हणून विचारत नाही. बघणारे म्हणतात, काय चांगली रीत आहे तुमची. असेल. पण ठकूनं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला ना, तेव्हा ती अकराही माणसं अजून घरीच भाकरी खात होती.