तुळसाजी चिताऱ्याच्या करवंट्या

सखागिरी महाराजांचा मुक्काम त्या वर्षी हिवरदऱ्याच्या राममंदिरात होता. ओवरीत घोंगडी टाकून महाराज भाजलेले हरभरे खात बसायचे, आणि कोणी काही विचारले तर निम्म्या वेळा उत्तरच द्यायचे नाहीत. गावाला त्यांचे फार कौतुक. सगुणेला मात्र त्या चैत्रात कशाचेच कौतुक नव्हते.

तिचे वडील तुळसाजी चितारी सभामंडपाच्या भिंतीवर रामाचे चित्र काढत होते. बापलेकीने सारा जन्म याच कामात घातला होता. तिला नीट चालता येण्याआधीच त्यांनी तिचे बोट गेरूत बुडवले होते. ती विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा सांत्वनाचा एक शब्द न काढता हातात कुंचला दिला होता. आता आबांना जवळजवळ दिसत नव्हते, पण ऐकतील तर शपथ. सगुणेने रेघ ओढली की बोटाने चाचपून पाहायचे.

"कान खाली आला, सगुणे."

"आबा, तुम्हाला दिसतं तरी का?"

"दिसत नाही म्हणून काय कान वर जातो?"

रंगांच्या दहा करवंट्या ते स्वतःभोवती मांडत आणि जागेवरून रंग ओळखत. सगुणा दिवसातून वीसदा त्या करवंट्यांना अडखळायची. रामनवमीच्या सकाळी ती अगदी मेटाकुटीला आली. तिने करवंट्यांच्या कडा पुसल्या, फिक्यापासून गडदापर्यंत देखणी ओळ लावली आणि पाणी आणायला गेली. परत येते तो रामाचा चेहरा शेंदरी झालेला.

देऊळ खंडेराव इनामदारांच्या वाडवडिलांचे. ते हात मागे बांधून चित्रासमोर उभे होते.

"चितारी, आम्ही राम सांगितला होता. हा तर मारुती दिसतोय," ते म्हणाले. लोक हसले. "आंधळ्याच्या हाती भिंत दिली, चूक आमचीच. रामजन्म झाला की चुना फासून टाका. दुसरा माणूस आणू."

तुळसाजी धोतराला हात पुसत राहिले. ओल्या चुन्यात रंग मुरला होता. वर निळा द्यावा तर नुसता चिखल होणार, आणि बाराला रामजन्म. एवढी भिंत आबांना पुन्हा कोणी देणार नव्हते. सगुणेला इनामदारांचा राग आला, आबांच्या हट्टाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. ती तरातरा ओवरीत गेली.

"महाराज, गाव म्हणतं तुम्हाला काही अशक्य नाही. मग नुसते हरभरे काय खात बसलात? करवंट्या मी हलवल्या. आबांची चूक नाही."

महाराज म्हणाले, "मला काय सांगतेस? त्यांना सांग."

तिने मंडपात येऊन सर्वांदेखत आबांना सांगितले. "कशाला हात लावलास?" आबा खेकसले. मग आपली बोटे चोळत म्हणाले, "मला वाटलं, माझा हातच गेला."

महाराज उठून भिंतीपाशी आले. देवाचे डोळे सर्वांत शेवटी रंगवायचे, आणि पहिली नजर माणसावर पडू नये म्हणून एकाने देवाकडे पाठ करून खांद्यावरून देव दिसेल असा आरसा समोर धरायचा, अशी तिथली रीत होती.

"इनामदार, आरसा तुम्ही धरा," महाराज म्हणाले.

"या शेंदरी तोंडाला?" असे म्हणत खंडेरावांनी आरसा धरला. सगुणेने साऱ्या करवंट्या आबांभोवती पूर्वीसारख्या मांडल्या आणि काजळाची त्यांच्या उजव्या हाताशी, तिच्या नेहमीच्या जागी ठेवली. तुळसाजींनी डाव्या हाताने रामाची भुवई चाचपली आणि काजळाने त्याचे दोन डोळे उघडले.

खंडेरावांना आरशात निळासावळा चेहरा दिसला. त्यांनी गर्रकन वळून पाहिले. भिंतीवर शेंदरीच होता. पुन्हा आरशात पाहिले, तर राम थेट त्यांच्याकडेच पाहत होता. दुसऱ्यांदा वळले तेव्हा भिंतीवरही तोच निळासावळा राम होता. काय सांगावे त्या रूपाचे! सभामंडपातला एकूण एक माणूस हात जोडून उभा राहिला.

खंडेराव महाराजांच्या पायांकडे धावले. महाराज बाजूला सरले. "इकडे नव्हे," ते म्हणाले.

तेव्हा इनामदार तुळसाजींसमोर वाकले. वाकताना त्यांचा पाय लागून एक करवंटी सरकली.

"कोण आहे ते?" तुळसाजी वैतागून म्हणाले. "करवंट्या हलवू नका."

खंडेराव गुडघ्यांवर बसले आणि सगुणेकडे पाहू लागले.

"निळी आहे ती," सगुणा म्हणाली. "डावीकडून दुसरी."

इनामदारांनी ती दोन्ही हातांनी उचलली, जागेवर ठेवली आणि तिथेच डोके टेकले.