राणी हिमानीचा शेवटचा शब्द

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. त्याची राणी हिमानी लहानपणी फुटक्या गलबताच्या फळीवर वाहत आलेली. ती कुठल्या मुलखाची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. समुद्रानं दिलेल्या माणसाला त्याचं गाव विचारू नये, अशी तिथली रीत. पण बोलायची काय गोड! तिची लेक मृगांका आईच्या गोष्टी ऐकतच वाढली.

एके दिवशी कृष्णजिव्ह नावाचा मांत्रिक दारी आला. म्हणाला, "राणी, तुझी वाणी मला दे."

"ती माझ्या लेकीसाठी आहे," राणी म्हणाली.

झालं! मेल्याचं डोकं फिरलं. त्यानं राणीच्या तोंडातले शब्द ओढून काढले आणि गिळून टाकले. एकच शब्द काही केल्या निघेना, त्याचं मूळ फार खोल गेलेलं. तो शब्द होता 'सोल'. तेव्हा मांत्रिक किंचाळला, "राहू दे! लहानपणी या शब्दाला तुला जे उत्तर मिळे, ते वसंत लागायच्या आत मिळालं नाही, तर हाही जाईल आणि तुझा प्राणही जाईल!"

राणी सारखी म्हणे, "सोल." दासींना वाटे, बाईसाहेब काहीतरी सोलायला सांगताहेत. डाळिंबं सोलून झाली, संत्री सोलून झाली, राणी आपली मान हलवून रडे. वैद्यांनी उजेडाचा त्रास नको म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावले. मृगांकेला ते बघवेना. ती तळ्यावर गेली. तिथे दरसाल परमुलखातून एक म्हातारा क्रौंच पक्षी येई.

"क्रौंचराज, हा शब्द कुठला?"

"तीन मुलखांत ऐकलाय. बस पाठीवर. माझी मान तेवढी आवळू नकोस, पंख जोडतो तुला!"

पहिल्या मुलखात ऊन मी म्हणत होतं. विहिरीवर एक आजीबाई बसली होती. "आधी माझी घागर भर," ती म्हणाली. घागरीला तळच नव्हता. मृगांकेनं शेल्याचा बोळा कोंबून ती भरली. आजीबाईनं वर बोट केलं. "सोल म्हणजे हा, सूर्य."

दुसऱ्या मुलखात द्राक्षांचे मळे होते आणि एक राक्षस गुडघ्यापर्यंत मातीत रुतला होता. "आधी माझे पाय सोडव," तो म्हणाला. नखं तुटेपर्यंत तिनं माती उकरली. राक्षसानं खाली बोट केलं. "सोल म्हणजे ही, जमीन."

मृगांकेला रडूच फुटलं. "एक वर दाखवतो, एक खाली! आई, तुला हवंय तरी काय गं?"

तिसरा मुलूख बर्फाचा. तिथे हिवाळाभर सूर्य डोंगराआडून वर येतच नाही. चुलीपाशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आधी माझा विस्तव राख." फुंकर घालता घालता मृगांकेनं सारी हकीकत सांगितली, तेव्हा म्हातारी म्हणाली, "आमच्याकडेही सोल म्हणजे सूर्यच. दक्षिणेचा शब्द आणि आमचा, एकाच आजीच्या नाती. मळ्यातला तो परक्या घरचा, तोंडावळा तेवढा सारखा. त्याच आजीची एक नात तुमच्याकडेही नांदते. तिला तुम्ही सूर्य म्हणता."

"अर्थ कळला, आजी. पण त्याला उत्तर काय देतात?"

तेवढ्यात डोंगराच्या कडेवर सोन्याची रेघ उमटली. अंगणातलं एक पोर ओरडलं, "सोल!" त्याबरोबर त्याच्या बापानं हातातली कुऱ्हाड टाकली आणि पोराला खांद्यावर घेतलं.

"हेच उत्तर," म्हातारी म्हणाली. "पहिला दिवस फार लहान असतो बाई. ज्याला सूर्य आधी दिसला, त्याला उचलून घ्यायचं, म्हणजे त्याला तो पोटभर दिसतो."

मृगांकेचं काळीज हललं. म्हणजे आई इतके दिवस नुसती 'मला उचलून घ्या' म्हणत होती, आणि आपण तिच्यापुढे फळं ठेवत होतो!

क्रौंच जिवाच्या आकांतानं उडाला. राजवाड्यात आंब्याला मोहोर फुटू लागला होता. राणीचे ओठ जेमतेम हलले, "सोल..." मृगांकेनं पडदे ओढून फाडले आणि वाकून आईला खांद्यावर घेतलं.

"अगं, राणीला असं? सारा दरबार बघतोय!" राजा म्हणाला.

"बघू दे, बाबा!"

ती सज्जात आली. समोर सूर्य उगवत होता. राणीनं दोन्ही हात वर केले आणि लहान पोरीसारखी खळखळून हसली. तिकडे मांत्रिकाला उचकी लागली. गिळलेला शब्द न् शब्द बाहेर पडला आणि आपल्या धनिणीकडे उडाला. मांत्रिकाची विद्या गेली, दरबाराचा जीव भांड्यात पडला.

मग राणी बोलली, "अगं, पडशील! खाली ठेव मला. केवढी वाळलीस! जेवलीस का काही?"

मृगांका हसतही होती, रडतही होती. तिनं आईला काही खाली ठेवलं नाही.