दोन वाजताची मुलाखत

विद्यापीठाच्या उद्योजकता केंद्रात, स्वतःचा व्यवसाय काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची निवड चालली होती. निवड करणारे कारखानदार विश्वासराव मोहोळकर प्रत्येकाला ऐकवीत, "व्यवसायात भावनांना थारा नाही. मी केवळ गुणवत्ता पाहतो."

सकाळपासून व्हरांड्यात बसलेल्या केतकी वाघचौरेची पाळी दोन वाजता, सर्वांत शेवटी आली. इथे जागा मिळाली नाही, तर उद्यापासून मामांच्या कचेरीत नोकरी धरायची, असे घरी ठरले होते.

"चिडलेले गिऱ्हाईक कसे सांभाळावे, हे दुकानदारांना शिकवणार? हा काय धंदा झाला, बाई?" विश्वासराव कडाडले. "मी आता चिडलो आहे. सांभाळून दाखवा."

केतकी शांतपणे म्हणाली, "सर, आपण चिडलेले नाही. आपल्याला भूक लागली आहे."

"हे कशावरून?" विश्वासरावांनी विचारले.

"बारापर्यंतच्या चौघांना आपण होकार दिलात, त्यानंतरच्या पाचही जणांना नकार. डबा आला का, हे आपण शिपायाला माझ्यासमोरच दोनदा विचारलेत. आपण आधी जेवून घ्यावे. ते पाचही जण बाहेरच आहेत. आम्ही सारे थांबतो."

विश्वासरावांनी यादीवरून नजर फिरवली आणि ते ओशाळून हसले.

जेवणानंतर त्या पाचांच्या पुन्हा मुलाखती झाल्या आणि तिघांची निवड झाली. केतकी आत जाऊ लागताच ते म्हणाले, "तुमची मुलाखत मघाशीच झाली. सोमवारी माझ्या कारखान्याच्या दुकानातल्या माणसांना शिकवायला या."

तेव्हा कुठे केतकीला आठवले, की सकाळपासून आपणही काही खाल्लेले नाही.