सगुणा अस्वलीण निर्दोष सुटते

एका जंगलात वाघाचं राज्य होतं आणि तिथं सगळे प्राणी सुखात होते. हे सांगायला वाघानं पोपट नेमले होते, त्यामुळे ते खरंच असणार. निवडणूक जवळ आली आणि सरकारी धान्यकोठार रिकामं झाल्याची कुजबुज सुरू झाली. वाघ ताबडतोब खडकावर चढून गरजला, "प्रजाजनहो! जंगलाला खरा धोका मोहाच्या फुलांचा आहे!"

मोहाची फुलं आंबवून खाल्ली की डोकं हलकं होतं आणि पाय भलतीकडे जातात. ती बाळगायची नाहीत, द्यायची नाहीत, विकायची नाहीत, असा हुकूम सुटला. "नशामुक्त जंगल, मंगल मंगल!" पोपटांनी रान डोक्यावर घेतलं. घाबरून सगळ्यांनी आपापली फुलं ओढ्यात ओतली. मोहीम यशस्वी झाली आणि तिथंच पंचाईत झाली. पकडायला कुणी उरेना.

म्हणून कोतवाल लाघोजी कोल्हा वेश पालटून निघाला.

सगुणा अस्वलीण डोंगराच्या कुशीत, आपल्या मोहाच्या झाडाखाली एकटी राहायची. सांधे धरलेल्यांना फुलांचा लेप लावून द्यायची. बंदीनंतर तेही तिनं थांबवलं होतं. स्वतःच्या गुडघ्यासाठी ठेवलेली मूठभर फुलं तेवढी ढोलीत होती. एका दुपारी दाढीवाली म्हातारी शेळी लंगडत आली.

"मावशी, गुडघे गेले गं. चार फुलं दे."

"बंदी आहे, बाई. गरम वाळूनं शेक."

शेळी हलेना. रडली, लोळली, गेलेल्या करडांची नावं घेऊन हंबरडा फोडला. सगुणाचं काळीज पाघळलं. तिनं फुलं पानात बांधून दिली. शेळीनं फुलांची किंमत म्हणून मधाचं पोळं जबरदस्तीनं तिच्या पंजात कोंबलं, स्वतःची दाढी उपटली आणि शिट्टी फुंकली. त्याबरोबर आजूबाजूची करवंदीची जाळी उठून उभी राहिली आणि सगुणाकडे चालत आली. जाळीत पोलीस लपले नव्हते. जाळीच पोलीस होती.

खालच्या कोर्टात रानडुकरानं तिला कैद ठोठावली. कोठडीत सगुणाला एकच गोष्ट टोचत राहिली: शेळीचं रडणं खोटं होतं, पण आपल्याला आलेली दया तर खरी होती! तिनं अपील केलं.

वरच्या कोर्टात न्यायमूर्ती हत्ती होते. सगुणाचे वकील त्र्यंबकराव खवल्या मांजर हुशार होते, पण कुणी आवाज चढवला की त्यांचं मुटकुळं होई.

"कोतवालसाहेब," त्यांनी विचारलं, "फुलं मागितली कुणी?"

"मी."

"मग ती काय म्हणाली?"

"नाही म्हणाली. तिथंच मला संशय आला. कायदा इतका पाठ असतो तो गुन्हेगारालाच."

"मग ती दोषी कशी?"

"हरकत!" सरकारी वकील तरस ओरडला. त्र्यंबकराव गोल झाले. सगुणानं त्यांना पायानं हळूच ढकलून सरळ केलं.

"जप्त माल कुठाय?" हत्तीनं विचारलं.

"पोतीच्या पोती होता, महाराज," कोतवाल म्हणाला. "उंदरांनी खाल्ला."

मागच्या बाकावरचे उंदीर ताडकन उठले. "महाराज, धान्यकोठारही आम्हीच खाल्लं म्हणे! आमची पोटं तरी बघा!"

मग पंच म्हणून ससा आला. "मी सगळं या डोळ्यांनी पाहिलं," असं तो म्हणतोय तोच त्याचा एक कान गळून पडला. आत रानमांजर होतं. "मी गुप्त आहे," ते पुटपुटलं.

हत्तीनं सोंड आपटली. "जो कुणी वेश पालटून आलाय, त्यानं तो आत्ताच्या आत्ता उतरवावा!"

शेपट्या, शिंगं, आयाळी, पिसं यांचा ढीग छताला टेकला. उंदीर सोडले तर सगळे प्रेक्षक पोलीस निघाले. प्रत्येक जण शेजारच्याला गिऱ्हाईक समजून त्याच्यावर पाळत ठेवत होता. अख्खा हंगाम त्यांनी एकमेकांनाच फुलं विकली होती आणि एकमेकांना पकडून बढत्या घेतल्या होत्या. सगुणाला हसू फुटलं. मग उंदरांना फुटलं, आणि शेवटी तर मुटकुळ्यातूनही खिदळणं ऐकू येऊ लागलं.

हत्तीनं निकाल दिला, "या बाईच्या मनात गुन्हा नव्हता. तो कोतवालानं घरून आणला होता. निर्दोष."

सगुणा नाचतच घरी पोचली. झाडाभोवती काटेरी कुंपण होतं. फुलांचा ठेका वाघाच्या मेव्हण्याला मिळाला होता आणि फाटकावर पाटी होती: 'राजमान्य आरोग्यवर्धक पुष्पासव'.

"अरे, हे माझं झाड आहे!"

"मावशी, तुम्ही निर्दोष सुटलात ना?" पहारेकरी समजुतीनं म्हणाला. "म्हणजे फुलं तुमची नव्हती. मग झाड तुमचं कसं?"

सगुणा दाद मागायला तडक वाघाच्या प्रचारसभेत गेली. तिनं तोंड उघडायच्या आत वाघानं तिला मंचावर ओढून हार घातला.

"बघा!" तो गरजला. "आपल्या राज्यात निष्पापालाही न्याय मिळतो. पण न्याय मिळायला आधी अटक व्हावी लागते, आणि ती आमच्याच सरकारनं केली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. विरोधी पक्षानं मात्र या विधानाला तीव्र हरकत घेतली. अटकेची मागणी सर्वांत आधी त्यांनी केली होती.